मुनीम फितूर आहे हे वाचकाला तिसऱ्याच अंकात का कळलं?

तुमचा प्रश्न लांब होता, त्यामुळे मला तो कसा समजला ते आधी सांगते. काही चुकत असेल तर दुरुस्त करा.

आठ अंकांची कॉमिक, प्रत्येक अंक २४ पानांचा, छापील, काळा-पांढरा आणि फक्त लाल रंग. मुंबईत व्हॅम्पायरांची दोन घराणी, एक मलबार हिलवरचं आणि एक गिरणगावातलं. दोन्ही प्लेगच्या आगेमागे इथे रुजलेली. गिरणगावच्या घराण्याची प्रमुख 'थोरली'. तिच्या पेढीचा हिशेब सांभाळणारा मुनीम, ज्याला तिनेच १८९७ साली आपल्यात घेतलं. मुनीम आतून मलबार हिलचा आहे आणि ते सहाव्या अंकात फुटायचं आहे. पण पहिले तीन अंक तुम्ही ११ मित्रांना वाचायला दिले आणि त्यातले ९ जण म्हणाले, "मुनीमच ना?" आता एका मित्राचा सल्ला आहे की आणखी दोन संशयित घाला. चित्रकार म्हणतो, मुनिमाला पाचव्या अंकापर्यंत दाखवूच नका.

मी दोन्ही करणार नाही.

मी चित्रकथा लिहिते, दुसऱ्यांच्या संपादित करते आणि पोटापाण्यासाठी फुगे भरते, म्हणजे संवादांची अक्षरं बसवते. २२ वर्षं हेच चाललंय. एवढ्या काळात फितुरीच्या गोष्टी पुष्कळ हाताखालून गेल्या आणि बहुतेक एकाच जागी फसल्या. तुमचा मुनीम कमी लपवलेला आहे असं मला वाटत नाही. तुम्ही पाठवलेल्या पानांवर तो जे जे करतो त्याला कारण एकच आहे, तो फितूर आहे हे. पहिल्या अंकात तो रात्री एकटा गच्चीवर जातो. का? काहीच सांगितलेलं नाही. दुसऱ्या अंकात एक चिठ्ठी जाळतो. का? तेही नाही. वाचक मूर्ख नसतो. कारण नसलेली जागा दिसली की तो तिथे स्वतःचं कारण भरतो आणि ते जवळजवळ नेहमी बरोबर निघतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे कबूल करते. आठही अंक एकत्र पुस्तकरूपात येणार असतील तर वाचक एका बैठकीत वाचेल आणि थोडं निसटलं तरी खपेल. दोन महिन्यांनी एक अंक काढणार असाल तर मधल्या साठ दिवसांत वाचक आपसात बोलणार, आणि दहा डोकी एकत्र आली की काहीही उकलतं. तशा वेळी धक्क्यावर सगळी भिस्त ठेवू नये. वाचकाला मुनिमावर संशय असू दे, फक्त 'का' हे कळू नये. तुम्ही दोन महिन्यांचंच धरलंय असं समजून पुढचं लिहिते.

आधी माझीच फजिती सांगते, कारण ती तुमच्या चित्रकाराच्या कामाची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मासिकासाठी मी क्रमशः चित्रकथा लिहिली होती. वाड्यातला कारकून घरभेदी निघतो अशी गोष्ट. चित्रकार हाताचा पक्का होता. मी त्याला पूर्ण गोष्ट सांगून टाकली आणि चित्रं कशी हवीत यावर एक शब्द बोलले नाही. त्याने प्रामाणिकपणे कारकुनाचा चेहरा प्रत्येक चौकटीत अर्धा अंधारात काढला. माजघरात, ओटीवर, एकदा तर भर दुपारी विहिरीच्या काठावर. बाकी सगळ्यांवर ऊन, याच्या नाकाच्या उजवीकडे मात्र काळी शाई. पाचव्या भागात मी मोठ्या थाटात रहस्य फोडलं आणि एका शाळकरी वाचकाचं पोस्टकार्ड आलं, की अर्ध्या तोंडाचे काका वाईट आहेत हे त्याला पहिल्याच भागात कळलं होतं. ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

कादंबरीकाराला एक सोय असते. खोलीत कोण कोण होतं हे त्याला सांगावं लागत नाही. तो तीन नावं घेतो, चौथं घेत नाही, आणि चौथा माणूस शांतपणे कोपऱ्यात उभा राहतो. चित्रात हे जमत नाही. खोली काढली की माणसं काढावी लागतात, माणसं काढली की त्यांचे हात काढावे लागतात. म्हणून चित्रकथेत गुपित अंधारात ठेवता येत नाही, ते गर्दीत आणि उजेडात ठेवावं लागतं. मुनिमाला चौकटीच्या मधोमध बसवा. हातात काम द्या. तो मोजतोय, लिहितोय, पिशव्यांवरची तारीख वाचतोय, थोरलीच्या खुर्चीची गादी सारखी करतोय. चित्रकारापासून रहस्य लपवून ठेवायचा प्रयोगही मी करून पाहिलाय. तो करू नका. चिडतात, आणि ते बरोबरच असतं. त्याला सगळं सांगा, फक्त पाचव्या अंकापर्यंत मुनीम हा घराण्यातला सर्वांत निष्ठावान माणूस आहे असं धरूनच काढ म्हणावं.

आता मुख्य काम. मुनिमाच्या प्रत्येक कृतीला दोन कारणं हवीत, एक उघड आणि एक आतलं. आणि उघड कारण खोटं असून चालत नाही. ते शंभर टक्के खरं हवं, इतकं की सहाव्या अंकानंतर वाचक मागे जाऊन तपासायला लागला तर त्याला दोन्ही कारणं शेजारी शेजारी उभी दिसली पाहिजेत. हे कसं करायचं ते तुमच्याच गोष्टीतून दाखवते, कारण मुंबईने तुम्हाला यासाठी इतका माल दिलाय की बाहेरून काही आणायची गरज नाही.

सुरुवात प्लेगपासून. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रोगी सापडले. पुढच्या वर्षी साथीच्या रोगांचा कायदा आला आणि तपासणीच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. भिंतींना चुना फासत, सामान बाहेर काढत, आणि ऊन-वारा आत यावा म्हणून घरांवरची कौलं उतरवत. हे तुम्ही वाचलं असेलच, पण व्हॅम्पायरच्या नजरेने वाचलंय का? व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही हा नियम तुम्ही ठेवलाय. सरकारला मात्र कोणी बोलवावं लागत नाही. ते दिवसा येतं आणि छप्पर उघडतं! तुमच्या थोरलीला १८९७ मध्ये लोकांच्या हातातल्या लाकडी खुंट्यांपेक्षा शिडी घेऊन आलेल्या कामगाराची भीती जास्त वाटली असणार. मग त्या दिवशी दाराशी उभं राहून तुकडीला परत कोणी पाठवलं? मुनिमाने. तेव्हा तो जिवंत माणूस होता, पेढीवरचा तरुण कारकून. खोटं बोलला, की आतले सगळे आधीच छावणीत हलवलेत. त्याचं बक्षीस म्हणून थोरलीने त्याला आपल्यात घेतलं.

सध्या तुमच्या गोष्टीत हे एका ओळीत उरकलंय, 'प्लेगच्या साली थोरलीने त्याला अमर केलं'. त्याला चार पानं द्या. कारण फितुरीचं बी इथेच आहे. थोरलीच्या मते तिने त्याच्यावर उपकार केला. मुनिमाच्या मते उपकार त्याने केला होता, आणि तिने परतफेड म्हणून त्याला बायकामुलांपासून कायमचं तोडलं. दोघंही खरं बोलतायत. १२५ वर्षं एकाच घरात राहून दोघांच्या वहीत जमा आणि नावे उलटी लिहिलेली आहेत. असा माणूस फितूर झाला तर वाचक 'फसवलं' म्हणत नाही, 'अरे बापरे' म्हणतो.

वहीचं म्हटलं म्हणून सांगते, मुनिमाची वही मोडीत लिहा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी चालू होती. १८९७ चा कारकून मोडीतच हिशेब लिहिणार आणि पुढे सवय सोडणार नाही. घराण्यातल्या नव्या पोरांना ती वाचता येत नाही. म्हणजे सगळ्यांसमोर, दिव्याखाली, उघडी पडलेली वही आणि ती वाचू शकणारे दोघेच, थोरली आणि तो. उघड कारण: जुन्या माणसाची जुनी सवय. तुमच्या चित्रकाराला एवढं सांगा की मोडीत आधी ओळीची शिरोरेघ पानभर ओढून घेतात आणि मग तिला लटकवत अक्षरं जोडून लिहितात, त्यामुळे नुसती रेघ ओढणारा हात काढला तरी काम दिसेल. चार ओळी खरोखर कोणा जाणकाराकडून लिहून घ्या. वाचकांत मोडी येणारा एक तरी निघतोच, आणि त्याला त्या ओळींत खरी गोष्ट सापडली तर तो तुमची जाहिरात फुकटात करेल.

आता रक्ताचं राजकारण. इथे मला तुमचं सर्वांत पटलं नाही. दोन घराण्यांचं भांडण 'सत्तेसाठी' आहे असं तुम्ही लिहिलंय. कसली सत्ता? व्हॅम्पायरांना दोनच गोष्टी लागतात, रक्त आणि दिवसा अंधारी खोली. मुंबईत दुसरी पहिलीपेक्षा महाग आहे. सगळं कारस्थान या दोन गोष्टींवर बसवा, बाकी आपोआप उभं राहतं.

जरा हिशेब करू. एका व्हॅम्पायरला आठवड्याला एक पिशवी धरा, ३५० मिलीलिटरची. वर्षाला ५२. पुरुष रक्तदात्याला तीन महिन्यांतून एकदा रक्त देता येतं, म्हणजे वर्षाला फार तर चार वेळा. एका व्हॅम्पायरमागे १३ दाते झाले. गिरणगावच्या घराण्यात तुम्ही ४० जण दाखवलेत, तर ५२० माणसं लागली, नियमित, न चुकणारी. तांबड्या पेशींची पिशवी २ ते ६ अंश तापमानाला ठेवावी लागते आणि साध्या द्रावणात ३५ दिवस टिकते. साठा करून वर्ष काढता येत नाही. म्हणजे ज्याच्या हातात ही साखळी त्याच्या हातात घराणं. तो कोण? हिशेब ठेवणारा. थोरली नव्हे.

ही साखळी शहराच्या इतिहासात कुठे कुठे तुटली तेही बघा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. त्याआधी गिरणगाव रात्रभर जागं असायचं. रात्रपाळी सुटायची, भोंगे व्हायचे, चाळींच्या जिन्यांवर पहाटेपर्यंत पावलं वाजायची. अंधारात जगणाऱ्यांसाठी याहून सोयीची वस्ती कुठली? गिरण्या थांबल्या आणि रात्र रिकामी झाली. मग घराणं पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर जगू लागलं असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून तेही बंद झालं. दोन धक्के, सोळा वर्षांच्या अंतराने. दोन्ही वेळी मुनिमाने कुठूनतरी पिशव्या आणून घराणं जगवलं. कुठून? कोणी विचारलं नाही. उपाशी माणूस ताट कुठून आलं हे विचारत नाही. तुमच्या सहाव्या अंकातला स्फोट हाच असू द्या: १९९८ पासून गिरणगावचं घराणं मलबार हिलच्या रक्तावर जगतंय, आणि हे फक्त मुनिमाला ठाऊक आहे.

आता बघा, तो फितूर आहे की त्याने सगळ्यांना वाचवलं? दोन्ही. गच्चीवर एकटा जातो ते पिशव्यांची गाडी आली का बघायला. चिठ्ठी जाळतो ती मलबार हिलच्या पावतीची, पण पहिल्या वाचनात ती रक्तपेढीतल्या एखाद्या माणसाची, ज्याचं नाव सापडलं तर त्याची नोकरी जाईल. उघड कारण खरंच आहे.

सध्याच्या काळात साखळी कशी चालते याला मुंबईत तयार उत्तर आहे, रक्तदान शिबीर. नेत्याच्या वाढदिवसाला, मंडळाच्या मांडवात, निवडणुकीच्या वर्षात तर गल्लोगल्ली. पांढरा शुभ्र मांडव, कार्यकर्त्यांच्या फोटोंचा फलक, पाच लोखंडी खाटा, पारले-जीचा पुडा आणि चहा. हा प्रसंग तुमच्याकडे नाहीच याचं मला नवल वाटलं. रक्त आणि राजकारण एका मांडवाखाली रोज बसतंय, आणि तुम्ही राजकारणासाठी मेणबत्त्यांचं भुयार काढलंय! भुयार पुसा. मुनीम शिबिराच्या टेबलाशी, संध्याकाळी दिवे लागल्यावर, पांढऱ्या शर्टात, नोंदवहीवर वाकलेला. त्याच्याइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या मांडवात दिसणार नाही.

आणि कळस मे महिन्यात न्या. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, अर्धी मुंबई गावाला गेलेली असते, शिबिरं आटतात आणि दरवर्षी रक्ताचा तुटवडा होतो. त्यात रात्रही लहान. आपल्याकडे डिसेंबरात रात्र सुमारे तेरा तासांची असते, मेअखेर ते जून पावणेअकराच्या आसपास. भूक जास्त आणि वेळ कमी. तुमच्या पानांवर ही लढाई 'एका अमावस्येला' होते. अमावस्या बाराही महिने येते, तिने काय दडपण येणार?

अंधाऱ्या खोलीचं थोडक्यात. गिरणगावातली जुनी चाळ म्हणजे पागडी, आणि पागडी म्हणजे भाडेपावती कोणाच्या नावावर. थोरली कागदोपत्री केव्हाच मेलेली असणार. मग तिच्या खोलीची पावती? मुनिमाच्या नावावर, दर पिढीला नवं नाव घेऊन. सगळ्या घराण्याला हे माहीत आहे, सोय म्हणून मान्य आहे, पहिल्या अंकात कोणीतरी त्यावरून विनोदही करू दे. पुढे पुनर्विकास येतो, बिल्डर संमतीपत्रं गोळा करतो, आणि कोणाच्या तरी लक्षात येतं की चाळीतल्या निम्म्याहून जास्त खोल्यांच्या पावत्यांवर सही एकाच हाताची आहे. मला विचाराल तर हा तुमच्या 'रक्तशपथे'पेक्षा भयंकर क्षण आहे. ज्याच्या घरात पुनर्विकासाची मिटिंग झालीय त्याला विचारा.

घराण्याचे निर्णय घेणाऱ्या तुमच्या नऊ जणांच्या मंडळाबद्दल एक सुचवते. मराठी वाचकाला हल्ली गटनेता, प्रतोद, व्हिप, अपात्रता हे शब्द तोंडपाठ आहेत. पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट १९८५ चं. त्यातली एक तृतीयांश फुटीची मुभा २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली, विलीनीकरणासाठी दोन तृतीयांशाची अट राहिली. तसाच एक कडक नियम घराण्याला द्या: एकटा फुटला तर उन्हात, सहा जण मिळून फुटले तर नवं घराणं. नियम पहिल्याच अंकात मोठ्याने सांगून टाका. मग वाचक कोण वाईट हे शोधत बसणार नाही, डोकी मोजायला लागेल. पाच झाले, सहावा कोण? मोजण्यात गुंतलेल्या वाचकाला मुनीम दिसत नाही, कारण मुनीम मंडळाचा सदस्यच नाही, तो फक्त मतं लिहून घेतो. दोन जादा संशयित घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. संशयित उभा करायला पानं लागतात, आणि २४ पानांत पानं नसतात.

आता माझ्या आवडीचा भाग, भाषा. इथे मराठीने तुम्हाला दोन हत्यारं दिलीत आणि तुम्ही एकही उचललेलं नाही.

पहिलं, 'आपण' आणि 'आम्ही'. ऐकणारा सोबत असेल तर आपण, नसेल तर आम्ही. मंडळासमोर मुनीम म्हणतो, "मे महिन्यात आम्ही काही कमी पडू देणार नाही." पहिल्या वाचनात 'आम्ही' म्हणजे पेढीवरची माणसं, त्याचे दोन मदतनीस मागे उभेच आहेत. सहाव्या अंकानंतर परत वाचलं की अंगावर काटा येतो. त्याने घराण्यासमोर उभं राहून घराण्याला वगळलेलं होतं. हे एका अंकात एकदाच करा. आणि तो शब्द जाड करू नका, तुमच्या चाचणीच्या पानावर फुगे भरणाऱ्याने भरवशाचा वाटला तो प्रत्येक शब्द जाड केलाय. झाकायला मुंबईची बोली आहेच. तुमची तरुण पात्रं "आपण नाय घाबरत" असं स्वतःबद्दलच बोलतील, त्या गलक्यात मुनिमाचा एक नेमका 'आम्ही' बुडून जाईल.

दुसरं, क्रियापदाचं लिंग. तुमच्या दुसऱ्या अंकात मलबार हिलला निनावी निरोप जातो, "मी काल आलो होतो, पण दाराशी पहारा होता." संपलं! 'आलो' म्हटल्यावर थोरली, तिची बहीण आणि डॉक्टरीणबाई, तीन संशयित एका अक्षरात बाद झाल्या. चाळीसांतून संशय निम्म्यावर आणि त्या निम्म्यात ठळक मुनीमच. मराठीत सकर्मक भूतकाळ कर्माच्या मागे जातो, कर्त्याच्या नाही. "मी पिशव्या मोजल्या, दार तपासलं, पहारा पाहिला." कोण बोलतंय, बाई की पुरुष? कळत नाही. भविष्यकाळही तसाच, "उद्या येईन, वही दाखवीन." सगळे निनावी निरोप असे पुन्हा लिहा. एक संध्याकाळ लागेल आणि माझ्या अंदाजाने तुमच्या नऊ मित्रांपैकी निदान तिघं गप्प होतील.

नावाबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतं, व्हॅम्पायरऐवजी वेताळ म्हणू का? नको. कोकणात वेताळ गावाचा राखणदार आहे, त्याची देवळं आहेत, त्याला नारळ देतात. आणि माझ्या वयाच्या वाचकाला वेताळ म्हटलं की इंद्रजाल कॉमिक्समधला मुखवटेवाला नायक आठवतो. समंध, खवीस, मुंजा यांचे प्रत्येकाचे आपापले कायदे आहेत, त्यांना दात लावले की दोन्ही बिघडतात. 'व्हॅम्पायर' सरळ ठेवा, किंवा घराण्यातले स्वतःला काय म्हणतात त्यासाठी एखादा साधा शब्द घ्या. 'रात्रपाळीवाले' कसं वाटतं? गिरणगावच्यांना शोभेल, आणि मलबार हिलवाले तोच शब्द शिवीसारखा वापरतील.

पानांच्या रचनेवर फार वेळ घालवत नाही. छापील अंकात पान १ उजवीकडे येतं, म्हणजे पान उलटल्यावर जे दिसतं ते सम क्रमांकाचं पान. स्फोट तिथे ठेवा. तुमचा स्फोट सध्या १७ व्या पानावर आहे. वाचक १६ वं वाचत असतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला थोरलीच्या हातातली वही दिसते. एक पान पुढे ढकला. पुढे हे फोनवर चढवायचं झालं तर हा हिशेब बाद, तिथे दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेने तेच काम करावं लागतं.

आधी निरोप आणि प्लेगची चार पानं करा, बाकी नंतर. सगळं एकदम बदलायला गेलात तर काय कामी आलं तेच कळणार नाही. आणि त्याच ११ जणांना परत विचारू नका, त्यांना आता माहीत आहे. नवे पाच शोधा, त्यात कॉमिक न वाचणारा एक तरी घ्या. 'फितूर कोण?' हा प्रश्न विचारूच नका, विचारला की शोधायला लागतात. 'थोरलीने कोणावर सर्वांत जास्त विसंबावं?' असं विचारा. तिघांनी मुनीम म्हटलं तर तुमचं काम झालं.

तिसऱ्या अंकातलं मंडळाच्या बैठकीचं पान इथे टाकता आलं तर टाका. पाचव्या चौकटीत मुनिमाचा डावा हात टेबलाखाली आहे असं मला पुसट आठवतंय. तो वर घ्यायला हवा.